गेट्स ऑफ द आर्क्टिक: प्राणी बघायचेत की रान?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुढच्या जुलैत पत्नी आणि पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन अलास्कातल्या गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानात आठवडाभर जायचंय. एव्हरेस्ट बेस कॅम्प झालाय, सह्याद्रीत पावसाळाभर फिरता, ताडोबाच्या वाऱ्या नेहमीच्या. कॅरिबूंचं (थंड उत्तरेतल्या हरणांचं) स्थलांतर, लांडगे, ग्रिझली अस्वल आणि जमलं तर ध्रुवीय अस्वल बघायचंय. उद्यानात रस्ता नाही, पायवाट नाही असं वाचलंत. मग जायचं कसं, गाइड लागतोच का, आणि प्राणी दिसण्याची खात्री किती?

शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. मी मूळची नाशिकची. आता अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात राहते आणि उन्हाळ्यात ब्रूक्स पर्वतरांगेत, जिथे हे उद्यान आहे, चार-सहा जणांचे गट घेऊन जाते. ताडोबाची आणि सह्याद्रीची सवय घेऊन येणारा माणूस इथे कुठे चाचपडतो, ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. तुमची खरी अडचण ‘कसं जायचं’ ही नाहीच. पैसे मोजले की विमानवाला नेऊन सोडतो. अडचण ही की तुम्ही एका सहलीत दोन सहली कोंबल्या आहेत, एक प्राणी बघण्याची आणि दुसरी निर्मनुष्य रानात राहण्याची. दुसरीसाठी या उद्यानासारखी जागा जगात फार थोडी. पहिलीसाठी मात्र, स्पष्टच सांगते, ही जागा फारशी सोयीची नाही.

का नाही, ते समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतील. उद्यान आणि त्याला जोडलेलं राखीव क्षेत्र मिळून सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे महाराष्ट्राचा जवळपास नववा हिस्सा. सगळंच्या सगळं आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला. जमिनीखाली कायमचा गोठलेला थर आहे आणि गवत-झुडपांना वाढायला जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. त्यामुळे एका डोंगरउतारावर जेवढा चारा ताडोबात उगवेल, त्याचा फार लहानसा अंश इथे उगवतो. चारा कमी म्हणून तो खाणारे विरळ, आणि ते विरळ म्हणून त्यांना खाणारे आणखी विरळ. एका ग्रिझलीला पोट भरायला शेकडो चौरस किलोमीटर लागतात. उन्हाळ्यात पाणवठ्यापाशी जिप्सी लावून बसलं की प्राणी आपणहून येतात, हे गणित इथे चालत नाही, कारण पाणी इथे पावलोपावली आहे. प्राण्याला एका ठिकाणी यायला भाग पाडणारं काहीच नाही.

आता तुमच्या यादीकडे वळू. ध्रुवीय अस्वल आधी खोडा. ते समुद्राच्या बर्फावर सील मारून जगतं आणि उद्यानाला समुद्रकिनाराच नाही. त्यासाठी उत्तर किनाऱ्यावरच्या वस्त्यांकडे जावं लागतं. तो वेगळा प्रवास, वेगळा खर्च.

कॅरिबूंचं स्थलांतर म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा माहितीपटातलं दृश्य असणार, दरी भरून वाहणारे हजारो कॅरिबू. इथला मुख्य कळप म्हणजे वेस्टर्न आर्क्टिक कळप. २००३ मध्ये तो ४ लाख ९० हजारांवर होता. २०२३ च्या मोजणीत सुमारे १ लाख ५२ हजार भरला. हा कळप महाराष्ट्राहून मोठ्या प्रदेशात फिरतो. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला माद्या उद्यानाच्या वायव्येला, उटुकोक नदीच्या टेकड्यांत वितात. जुलैत डासांनी आणि माश्यांनी हैराण होऊन सगळे वाऱ्याच्या दिशेनं, उंच धारांवर, उरल्यासुरल्या बर्फाच्या पट्ट्यांवर दाटीवाटीनं उभे राहतात. ते दृश्य अफाट असतं, पण ते बहुतेक उद्यानाच्या बाहेर पश्चिमेला घडतं आणि कुठे घडेल हे त्या दिवसाचा वारा ठरवतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून कळप दक्षिणेकडे सरकायला लागतो. अलीकडे हेही उशिरा होऊ लागलंय. पूर्वी सप्टेंबरात कोबुक नदी ओलांडणारे कॅरिबू आता कित्येकदा ऑक्टोबरनंतर उतरतात. तेव्हा जुलैतला एक आठवडा आणि कळपाचं स्थलांतर हा मेळ बसणं नशिबाचा भाग. पाच-दहा कॅरिबूंची टोळी दिसणं मात्र अगदी शक्य आहे, आणि जवळून गेली तर कान देऊन ऐका. चालताना त्यांच्या पायातल्या कंडरा हाडावरून सरकतात आणि प्रत्येक पावलाला टिक, टिक असा आवाज येतो. डोळे मिटूनही कळतं की टोळी कुठून कुठे चालली आहे. हरणांच्या कुळात फक्त याच जातीत मादीलाही शिंगं असतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती सगळ्यांना नर समजेल.

ग्रिझली दिसू शकते. समुद्राकाठी सॅमन माशांवर पोसलेल्या अस्वलांपेक्षा इथली अंगानं लहान, कारण मुळं, बेरी आणि खारी यांवर त्यांचा गुजारा. उतारावर ताजी उकरलेली माती दिसली तर समजा, तिथे अस्वलानं मुळं काढली आहेत किंवा आर्क्टिक जमिनीखारीचं बीळ फोडलंय. या खारीकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण माझ्या मते ती इथली सगळ्यात अचाट प्राणी. हिवाळ्यात बिळात झोपते तेव्हा तिच्या शरीराचं तापमान शून्याखाली, उणे २.९ अंशांपर्यंत उतरतं आणि तरी रक्त गोठत नाही. फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या ब्रायन बार्न्स यांनी १९८९ मध्ये हे दाखवून दिलं. उन्हाळ्यात ती तुमच्या तंबूसमोर उभी राहून शिट्ट्या मारेल आणि संधी मिळाली तर बुटाची नाडी कुरतडेल.

लांडगे आहेत, पण दिसतात क्वचित. नदीकाठच्या चिखलात तळहाताएवढे ठसे मात्र नेहमी मिळतात. डॉल मेंढ्या उंच कड्यांवर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. गेल्या दशकात त्या बऱ्याच घटल्या आहेत. मूस, म्हणजे इथलं सगळ्यात मोठं हरीण, नदीकाठच्या विलोच्या झुडपांत असतो. मस्क ऑक्स, म्हणजे लांब केसांचा बैलासारखा प्राणी, हवा असेल तर उद्यानापेक्षा त्याच्या पूर्वेकडून उत्तरेला जाणाऱ्या डाल्टन महामार्गाचा उत्तर भाग बरा. अलास्कातले मस्क ऑक्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपले होते. आजचे सगळे १९३० च्या दशकात ग्रीनलँडहून आणलेल्यांचे वंशज आहेत. आणि पक्षी बघत असाल तर विलोत ब्लूथ्रोट शोधा. आपल्याकडे हिवाळ्यात पाणथळीच्या कडेनं दिसणारा, निळ्या गळ्याचा तोच. त्याच जातीची एक शाखा उत्तर अलास्कात घरटी करते. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात पाहिलेला पक्षी इथे मध्यरात्रीच्या उन्हात गाताना ऐकला की गंमत वाटते.

तर आधी घरात बसून ठरवा. प्राणी हाच मुख्य हेतू असेल तर पैसे दुसरीकडे लावा. अस्वलांसाठी जुलैत कटमाई उद्यानातला ब्रूक्स धबधबा. सॅमन उड्या मारत असतात आणि अस्वलं पाण्यात उभी राहून तोंडानं पकडतात. एका वेळी अनेक, आणि जवळून. डेनाली उद्यानात बसमधून फिरता येतं. तिथला रस्ता २०२१ पासून दरड सरकल्यामुळे साधारण निम्म्यावर बंद पडला, तेव्हा जाण्याआधी सद्यस्थिती बघा, पण उघड्या भागातही ग्रिझली, कॅरिबू, मूस दिसण्याची शक्यता आमच्याकडच्यापेक्षा खूप जास्त. गेट्स ऑफ द आर्क्टिकला यायचं ते रानासाठी, आणि प्राणी दिसले तर वरची कमाई. दोन्ही हवं आणि रजा असेल तर तीन दिवस डेनाली आणि उरलेला वेळ इकडे, अशी वाटणी मी सुचवेन.

इथपर्यंत वाचूनही इकडेच यायचं असेल, तर पुढे वाचा.

नावात गेट असलं तरी प्रवेशद्वार कुठेच नाही. रॉबर्ट मार्शल हा वनअधिकारी १९२९ पासून इथे भटकला. कोयुकुक नदीच्या उत्तर फाट्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरियल माउंटन या दोन डोंगरांना त्यानं हे नाव दिलं. उद्यान झालं १९८० मध्ये. तिकीट नाही, तुमच्यासारख्या खासगी गटाला परवाना लागत नाही, तळ ठोकायच्या ठरलेल्या जागा नाहीत, स्वच्छतागृह नाही, पूल नाही, मोबाइल लागत नाही. वर्षाला दहा-बारा हजारांच्या आसपास लोक येतात आणि त्यातले कित्येक विमानातून तळ्यावर उतरून, फोटो काढून लगेच परततात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांना मी तेच सांगते.

येण्याच्या वाटा तीन. फेअरबँक्सहून नियमित छोट्या विमानानं बेटल्स या वस्तीला जायचं आणि तिथून तरंगत्या पट्ट्यांच्या विमानानं, म्हणजे फ्लोटप्लेननं, उद्यानातल्या एखाद्या तळ्यावर. उन्हाळ्यात बेटल्सला गाडीरस्ता नाही. दुसरी वाट, फेअरबँक्सहून विमानानं थेट अनाक्टुवुक पास या नुनामिउत या मूळ रहिवाशांच्या गावात आणि तिथून पायी. तिसरी, डाल्टन महामार्गानं कोल्डफूट किंवा वाइझमन या वस्त्यांपर्यंत गाडीनं आणि मग पश्चिमेकडे चालत. पण वाटेत नद्या ओलांडाव्या लागतात आणि उद्यानाच्या आतल्या मोकळ्या भागापर्यंत पोचायलाच दिवस जातात. भाड्याची गाडी घेणार असाल तर करार नीट वाचा. बहुतेक कंपन्या डाल्टनवर गाडी न्यायला मनाई करतात. परवानगी देणाऱ्या थोड्या फेअरबँक्समध्ये आहेत, भाडं चढं असतं.

तुमच्या तिघांसाठी मी पहिली वाट धरेन, आणि चालत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायच्या भानगडीत पडणार नाही. एका तळ्याकाठी उतरा, तिथेच तळ ठोका आणि रोज हलकी पिशवी घेऊन वेगवेगळ्या दिशांना फिरा. लोक हमखास अ‍ॅरिगेच शिखरांची मागणी करतात, कारण फोटो तिथलेच फिरतात. उभे सुळके देखणे आहेत यात शंका नाही, पण सर्कल तळ्यापासून तिथवरची चाल दाट झुडपांतून आहे, आणि झुडपात अस्वल दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. तुमचा हेतू पाहता मी नोआटक नदीच्या वरच्या खोऱ्यातलं एखादं तळं निवडेन. तिथे झाडं नाहीत, उघडा टुंड्रा आहे, नजर कोसभर पोचते.

आणि नजर हेच इथलं वाहन आहे, ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. नवे लोक प्राणी शोधायला चालत सुटतात. आम्ही उलटं करतो. टेकाडावर बसायचं, गुडघ्यावर कोपर टेकवायचे आणि दुर्बिणीनं समोरचा उतार पट्ट्या-पट्ट्यांनी चाळायचा. डावीकडून उजवीकडे, मग थोडं खाली, मग उजवीकडून डावीकडे. दगड, दगड, सावली, दगड, आणि एक तपकिरी दगड जो मघाशी नव्हता. त्याच्यावर थांबायचं. पाच मिनिटांत तो वळला तर अस्वल. पांढरा ठिपका बर्फाचा की मेंढीचा, हे तो खडकाच्या वर आहे की खाचेत आहे त्यावरून बऱ्याचदा कळतं. बर्फ खाचेत उरतो, मेंढी उंचवट्यावर बसते. दोन तास असं बसायचं, चहा घ्यायचा, परत तोच उतार. जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळतच नाही, म्हणून हे काम रात्री दहा ते पहाटे चारच्या दरम्यान करा. ऊन तिरपं असतं, हवा गार असते आणि जनावरं हलतात. दिवसा झोपा. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी ज्यांना खूप काही दिसलं, ते सगळे बसून राहणारे होते. ८×४२ ची दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी. तिघांत एक असेल तर पहिल्याच संध्याकाळी भांडण होईल.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या अनुभवाबद्दल थोडं. उंचीची भीती इथे सोडा. उद्यानातलं सर्वात उंच शिखर इगिकपाक २,५२३ मीटरचं आहे आणि तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. पण हिमालयात तुमच्या पायाखाली वाट होती, पाठीवर बहुधा दिवसापुरतं सामान होतं आणि संध्याकाळी कुणीतरी डाळभात वाढत होतं. इथे तळ हलवायचा म्हटलं तर वीस-पंचवीस किलो स्वतःच्या पाठीवर. दिवसाला दहा किलोमीटर कापले तर ती चांगली चाल समजतात. कारण टसक. गोठलेल्या थरामुळे पाणी मुरत नाही, त्या ओलीत कॉटनग्रासचे घोट्याएवढे, गुडघ्याएवढे गठ्ठे वाढतात, वर गोल आणि डगमगते, मध्ये पाण्याचे खड्डे. ओल्या गादीवर मांडलेल्या नारळांवरून चालून बघा, तसं. घोटा इथेच मुरगळतो. शक्य तिथे नदीच्या पात्रातल्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यांवरून किंवा कोरड्या धारेवरून चला, मधल्या सपाट हिरव्या भागाचा मोह टाळा. लांबून तो हिरवळीसारखा दिसतो आणि फसवतो.

नद्यांचंही कारण तेच. पाऊस जमिनीत न मुरता थेट ओढ्यात उतरतो, त्यामुळे सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत येऊ शकतो. नदी अनेक फाट्यांत विभागते अशा रुंद जागी ओलांडा, पिशवीचा कंबरपट्टा सोडून ठेवा, तिघांनी एकमेकांना धरून चाला, आणि पाणी गढूळ होऊन दगड गडगडण्याचा आवाज येत असेल तर थांबा. एक दिवस थांबल्यानं काही बिघडत नाही, म्हणूनच दोन-तीन दिवसांचं जास्तीचं अन्न नेतात. प्यायचं पाणी गाळून किंवा उकळून घ्या. अलीकडे ब्रूक्स रांगेतले अनेक ओढे नारिंगी, गंजल्यासारखे झाले आहेत. गोठलेला थर वितळून त्यातलं लोह आणि इतर धातू पाण्यात उतरतात; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे ७५ ओढे नोंदले गेले. साध्या गाळणीनं विरघळलेले धातू निघत नाहीत. रंग दिसला की दुसरा ओढा शोधा.

अस्वल आणि जेवण हा एकच विषय आहे. टुंड्रात अन्न टांगायला झाड नसतं, म्हणून अस्वलाला न उघडणारे कडक डबे वापरणं इथे सक्तीचं आहे. बेटल्स आणि कोल्डफूटच्या केंद्रांत ते वापरायला मिळतात, आपल्या तारखांना शिल्लक आहेत का ते आधी विचारा. एका डब्यात एका माणसाचं आठवड्याचं अन्न जेमतेम बसतं. त्यामुळे चिवडा, कुरमुरे, पापड विसरा. ते हवाच भरतात. मेतकूट, भाजलेल्या रव्याचं तयार उपम्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ, सुकवलेला डाळभात, थोडं तूप, हे उत्तम. तळावर हिंग-मोहरीची फोडणी मात्र करू नका. तुम्हाला घर आठवेल, पण त्याचा वास वाऱ्यावर किती लांब जाईल याचा हिशेब अस्वलाच्या नाकानं करा. सगळं घरीच फोडणी देऊन, सुकवून आणा. इथे फक्त गरम पाणी ओता. अमेरिकेच्या सीमाशुल्काच्या नियमांत काय बसतं ते आधी बघा आणि जे आणाल ते जाहीर करा. मांसाचे पदार्थ आणूच नका. स्वयंपाक आणि डबे तंबूपासून शंभर मीटर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिपबाम हेही डब्यात. मुलीच्या खिशातलं चॉकलेट रात्री तपासा.

चालताना बोलत राहा, वळणांवर हाका घाला. मराठीत घातल्या तरी चालतात, अस्वलाला माणसाचा आवाज कळल्याशी मतलब. समोर आलंच तर पळायचं नाही. तिघांनी एकत्र उभं राहायचं, शांतपणे बोलायचं, हळूहळू मागे सरायचं. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला परतवणारा तिखट फवारा, प्रत्येकाच्या कमरेला, पिशवीत नव्हे. धावून आलं तर आठ-नऊ मीटरच्या आत येईपर्यंत थांबून फवारायचा, आणि वारा कुठून आहे हे आधीच माहीत हवं. ग्रिझलीनं अंगाला हात लावलाच तर पोटावर पडायचं, बोटं मानेमागे गुंफायची, निपचित राहायचं. काळ्या अस्वलाशी मात्र लढायचं. वाचून अंगावर काटा येईल, पण प्रत्यक्षात बहुतेक अस्वलं माणसाचा वास आला की डोंगरापलीकडे निघून जातात आणि तुम्हाला फक्त ढुंगण दिसतं. स्प्रे आणि गॅसचा डबा प्रवासी विमानात चालत नाही, फेअरबँक्सलाच विकत घ्या. छोट्या विमानात बसतानाही वैमानिकाला आपणहून सांगा, तो ते बाहेर तरंगत्या पट्ट्याच्या कप्प्यात ठेवतो.

आता जुलै. माझं मत विचाराल तर जुलै टाळा. डास म्हणजे काय हे शब्दांत सांगण्यात अर्थ नाही; डोक्यावरून ओढायची जाळी नसेल तर तोंडात घास जात नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डास ओसरतात, टुंड्रा तांबडा-पिवळा होतो, ब्लूबेरी पिकतात आणि अस्वलं उघड्या उतारांवर बेरी खात बसलेली असतात. महिनाअखेरीस रात्र परत येते आणि आकाश निरभ्र असेल तर ऑरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाशही दिसतो. बदल्यात पाऊस आणि क्वचित बर्फ. मुलीची शाळा ही अडचण मला कळते, त्यातून बहुधा दहावी. पण आपली मे महिन्याची सुट्टी इथे उपयोगाची नाही. जूनच्या सुरुवातीला उंचावरची तळी अजून गोठलेली असतात आणि फ्लोटप्लेन उतरू शकत नाही. जूनचा शेवटचा आठवडा हा मधला मार्ग आहे, डास सुरू झालेले असतात, पण बहुधा जुलैइतके नाही. ऑगस्टमध्ये शाळा बुडवायची की नाही हे तुम्ही तिघं ठरवा, मी त्यात पडत नाही.

गाइड लागतो का? कायद्यानं नाही. अनुभवानं, तुमच्या बाबतीत, पहिल्यांदा हो. तुमची शारीरिक तयारी पुरेशी आहे. प्रश्न निर्णयांचा आहे. पाणी ओलांडावं की थांबावं, तंबू कुठे लावावा, वैमानिक ठरल्या दिवशी आला नाही तर काय, हे सगळं इथे तुम्हालाच ठरवायचं असतं. मी स्वतः हेच काम करते, त्यामुळे माझा सल्ला थोडा पारखूनच घ्या. गाइड किंवा विमानवाला घेताना एवढं जरूर विचारा की उद्यानात व्यवसाय करण्याचा परवाना आहे का. नसेल तर पुढे बोलू नका. गाइड न घेता येणार असाल तर एका तळ्याकाठचा तळ, नदी न ओलांडता होणाऱ्या फेऱ्या आणि बेटल्सच्या रेंजरकडून मिळणारी पूर्वमाहिती, एवढं पाळलंत तरी पुष्कळ झालं. रबरी बोटीतून नदीप्रवास मात्र खळाळत्या, वेगवान पाण्याचा अनुभव नसताना स्वतःच्या जोरावर करू नका, नोआटक नकाशावर कितीही संथ दिसली तरी.

अनाक्टुवुक पासला थांबलात तर सायमन पानेआक यांच्या नावाचं छोटं संग्रहालय बघा. गावात लोक कॅरिबूच्या मांसावर जगतात आणि स्थानिकांना उद्यानात शिकारीचा हक्क आहे. वाळत घातलेलं मांस, शिंगं, कातडी दिसतील. न विचारता फोटो काढू नका. त्यांचा एक जुना रिवाज तुम्हीही पाळा. शरदात कळपाच्या पुढे चालणाऱ्या पहिल्या कॅरिबूंना कुणी छेडत नाही. ते बिचकून वळले तर मागचे सगळे वळतात आणि गावाचा हिवाळा उपाशी जातो. म्हणून ऑगस्टअखेर खिंडीत चिंचोळ्या जागी तंबू लावू नका, आणि कॅरिबू येताना दिसले की खाली बसून राहा. आसपासची बरीचशी जमीन गावाच्या मालकीची आहे, कुठून चालायचं ते तिथल्या रेंजर केंद्रात विचारून निघा.

उरलं कागदपत्रांचं. व्हिसाच्या मुलाखतीला भारतात बरीच वाट बघावी लागते, ते आजच सुरू करा. विमानाचं आरक्षण साधारण जानेवारीपर्यंत. वजनावर भाव आणि जागा ठरते, तेव्हा तिघांचं आणि सामानाचं खरं वजन कळवा, लाजून पाच किलो कमी सांगू नका. खर्च हजारो डॉलरांत जातो आणि विमान अख्खं घ्यायचं असल्यानं चौथा-पाचवा माणूस जोडला तर माणशी बराच उतरतो. परतीचं आंतरराष्ट्रीय तिकीट उद्यानातून बाहेर यायच्या तारखेनंतर किमान तीन दिवसांनी काढा. ढग खाली आले की विमानं उडत नाहीत आणि त्यावर कुणाचा इलाज नाही. विम्यात दुर्गम भागातून विमानानं हलवण्याचा खर्च धरलाय का ते बारीक अक्षरांत वाचा.

सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, हवाच, पण तो फेअरबँक्सला भाड्यानं घ्या आणि निघताना परत करा. विकत घेऊन सामानात टाकून भारतात आणू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळांवर पर्यटकांना त्यापायी अटक झाल्याच्या घटना आहेत. तारखा ठरल्या आणि जून की ऑगस्ट हे नक्की झालं की इथेच लिहा. कोणतं तळं त्या वेळी उतरण्याजोगं असतं ते मग नेमकं सांगता येईल.